बाटलीतला ऑक्सिजन आणि घाटातली डबलसीट

प्रश्न : काका, माझी २०१५ ची कार्बोरेटरवाली १२५ सीसी गाडी आहे. कॉलेजला रोज घाट चढतो. डबलसीट असलं की दुसऱ्या गिअरवर यावं लागतं. दुकानात ‘ऑक्सिजन बूस्टर’ मिळतं, १०० मिलीची बाटली १० लिटर पेट्रोलला. मित्र म्हणतो, त्यापेक्षा मॉडेल विमानांचं नायट्रोवालं इंधन ओत. काय करू?
– बी.एस्सी.चा विद्यार्थी, सातारा

उत्तर : मित्राचं अजिबात ऐकू नकोस. माझ्या गॅरेजच्या काउंटरवर एक पिस्टन ठेवलाय. त्याच्या डोक्याला मधोमध हरभऱ्याएवढं भोक आहे आणि कडेचं अॅल्युमिनियम मेणासारखं ओघळलंय. एका पोरानं असंच इंधन टाकीत ओतलं होतं. गाडी टेम्पोतून आली तेव्हा सायलेन्सरला एरंडेलाचा वास मारत होता, कारण त्या इंधनात वंगण म्हणून एरंडेल असतं.

बी.एस्सी. करतोस, म्हणून हिशेबच मांडतो. इंजिनाला पेट्रोल हवं तेवढं देता येतं, अडतं ते हवेपाशी. तुझं सिलिंडर एका सक्शनला फार तर १५० मिलिग्रॅम हवा ओढतं. त्यात ऑक्सिजन ३५ मिलिग्रॅम. तेवढ्यात पेट्रोल जळतं १० मिलिग्रॅम. मित्राच्या इंधनातलं ‘नायट्रो’ म्हणजे नायट्रोमिथेन. त्याचं निम्म्याहून जास्त वजन ऑक्सिजनचंच, त्यामुळे तेवढ्याच हवेत ते ८८ मिलिग्रॅमपर्यंत जळतं. किलोमागे उष्णता पेट्रोलच्या साधारण पाव, तरी एका स्ट्रोकला ऊर्जा दुपटीहून जास्त. अमेरिकेतल्या टॉप फ्युएल ड्रॅग गाड्या (सरळ, छोट्या पट्ट्यावरच्या शर्यतीच्या गाड्या) ९० टक्के नायट्रोमिथेनवर पळतात त्या याच जोरावर, आणि त्यांची इंजिनं दर धावेनंतर खोलून पुन्हा बांधावी लागतात.

पण ते जादा इंधन तुझ्या मेन जेटमधून, म्हणजे कार्बोरेटरमधल्या इंधन मोजून सोडणाऱ्या बारीक भोकातून, येणार कसं? जेट पेट्रोलच्या मापाचा आहे. इंधनातच ऑक्सिजन आला की मिश्रण लीन होतं, म्हणजे ऑक्सिजनच्या मानानं इंधन कमी पडतं, इंजिन ठोकायला लागतं, पिस्टन तापतो आणि भोक पडतं.

आता बाटली. ती निव्वळ नायट्रोमिथेनची असली, तरी एका सक्शनला तिच्यातून जेमतेम ०.०८ मिलिग्रॅम ऑक्सिजन येईल. हवेतला ३५! घरचे पैसे त्यात घालू नकोस.

शिवाय ऑक्सिजनवालं इंधन तू आत्ताही भरतोस. ई-२० मधल्या (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमधल्या) इथेनॉलचा वजनानं तिसरा हिस्सा ऑक्सिजनच आहे. तुझा जेट जुन्या पेट्रोलच्या काळातला, म्हणजे गाडी आधीच थोडी लीन चालत असणार. प्लग काढून बघ. टोक विटकरी-तपकिरी हवं. पांढरंफटक दिसलं, तर मेकॅनिककडून मेन जेट एक नंबर मोठा घालून घे. एअर फिल्टर बदल, गार इंजिनावर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करून घे. एवढ्यानं नाही भागलं, तर मागचं स्प्रॉकेट (चाकावरचं चेनचं दातेरी चक्र) दोन दात मोठं टाक. सपाटीवर टॉप स्पीड थोडा जाईल, पण घाटात तिसरा गिअर टिकेल.