ह्यांच्या वस्तूंचं काय करू?

‘मॅडम, गेलेल्या माणसाच्या वस्तू ठेवाव्यात की काढून टाकाव्यात?’ मुंबईत पुनर्विकासाचा धडाका सुरू झाल्यापासून हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. घर रिकामं करायची तारीख लागली की पोटमाळे उतरवावे लागतात, आणि मग जे दोन वर्षं टाळलं ते समोर येतं.

नायगावच्या बीडीडी चाळीतल्या एका काकूंना त्यांची सून घेऊन आली. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, लिहायला काकूंची हरकत नाही.) काकूंचे यजमान गिरणीत सुतारखात्यात होते, १९८२ च्या संपानंतर फर्निचरची कामं करायचे. कामावरून उरलेल्या सागवानाच्या तुकड्यांतून पोळपाट, पाट, मांडणी, चौरंग; शिवाय नातवासाठी पांगाऱ्याच्या लाकडाची बैलगाडी. १६० चौरस फुटांच्या त्या खोलीत दुसऱ्या कोणाच्या हातचं लाकूड शोधून सापडलं नसतं. ते गेल्यावर काकूंनी सगळं जुन्या साड्यांत गुंडाळून माळ्यावर टाकलं. पोळ्या स्टीलच्या पोळपाटावर. नातवाने गाडी मागितली की ओरडा. आणि आता मुलगा म्हणत होता, संक्रमण शिबिरात एवढं मावणार नाही, निम्मं तरी काढू.

सुरुवातीच्या भेटींत काकू एकच सांगायच्या. ‘हे म्हणजे देवमाणूस हो. त्यांच्या हाताला चूक ठाऊक नव्हती.’ प्रत्येक वेळी सून मान खाली घालून हसू दाबायची. मी ते हसू लक्षात ठेवलं, आणि पुढच्या वेळी एखादी वस्तू घेऊन या म्हटलं.

चौरंग आला. टेबलावर ठेवला तर डुगडुगला.

‘टेबल तिरकं असेल तुमचं,’ काकू म्हणाल्या.

मी चौरंग उलटा केला. एका पायाच्या तळाला कॅलेंडरच्या कागदाची घडी डिंकाने चिकटवलेली, शेजारी सुताराच्या जाड पेन्सिलीने लिहिलेलं, ‘मागचा डावा’. मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं मला जमतं, आणि ते जमायला बरीच वर्षं गेली आहेत.

‘लाकूड ओलं होतं,’ काकू एकदम म्हणाल्या. ‘मी सांगितलेलं, सुकू द्या. पण गणपती तोंडावर, आणि ह्यांना तेव्हाच करायचा! पाय वळला. मग दरवर्षी हरतालिकेला आमचं भांडण, आणि दरवर्षी हे कॅलेंडर फाडणार. तेही चालू महिन्याचं!’

हसता हसता त्या रडायला लागल्या. पोटभर रडल्या. सून म्हणाली, नवऱ्याबद्दल आई इतकं बोलल्या ते तेराव्यानंतर आज पहिल्यांदाच.

माझं मत इथे पक्कं झालं. काकूंना वस्तू सोडवत नव्हत्या हे खरं, पण मूळ अडचण अशी की देवमाणसाशी भांडता येत नाही, आणि ज्याच्याशी भांडता येत नाही त्याची नीट आठवणही काढता येत नाही. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने १९१७ मध्ये शोकाचं काम म्हणजे गेलेल्यातून मन सोडवून घेणं असं मांडलं होतं. १९९६ मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या शोकाच्या अभ्यासकांनी उलट बाजू पुढे आणली: नातं तुटत नाही, रूप बदलून चालू राहतं. मी दुसऱ्या बाजूची आहे, आणि आपल्याकडे पितरांना दरवर्षी जेवायला बोलावणाऱ्यांना ती नवीन वाटू नये.

म्हणून ठेवायचं की काढायचं हे शेवटी ठरवा. आधी ती वस्तू घरात सगळ्यांच्या हातात जाऊ द्या आणि तिच्याबद्दल खरं बोला, तक्रारींसकट. तारीख अंगावर असेल तर निदान एक खोकं न उघडता सोबत न्या. मुलांनी परस्पर भंगारवाल्याला बोलावू नये. एकदा गेलेली वस्तू परत आणता येत नाही. ‘गेलेल्याचा जीव वस्तूत अडकतो’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना चहा द्या, निर्णय देऊ नका.

काकूंनी मांडणी शेजारणीला दिली. पोळपाट वापरात आला, बैलगाडीचं एक चाक नातवाने मोडलंही. चौरंगाचा पाय तासून आणतो असं मुलगा म्हणाला, त्याला मात्र साफ नकार मिळाला.

वस्तू जपणं हा आजार नाही. पण सहा महिन्यांहून जास्त काळ ओढ आणि दुःख तसूभर कमी होत नसेल, जेवणखाण, झोप, कामधंदा सगळंच कोलमडलं असेल, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. पैशांची अडचण असेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.