नर्सरीतून आणलेल्या सक्युलंटची (पानात-खोडात पाणी साठवणारं झाड) कुंडी सोलापुरात कधी आणि कशी बदलायची?

आत्ता मे महिना चालू असेल तर थोडं थांबा, 43-44 डिग्रीत मुळं हलवली की झाड सावरत नाही. पावसाळा सरला की ऑक्टोबरात करा, नाहीतर गड्डा (सोलापूरची जानेवारीतली सिद्धेश्वर यात्रा) झाल्यावर फेब्रुवारीपर्यंत.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट माती. आपली काळी माती शेतात सोन्यासारखी, पण सक्युलंटला नुसती कधीच घालू नका, ती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. त्यापेक्षा एक भाग साधी कुंडीची माती, एक भाग जाड वाळू (बांधकामाची असेल तर चाळून आणि धुऊन), एक भाग विटांचा बारीक चुरा. कुंडी मातीचीच घ्या, खाली भोक पाहिजेच, आणि आधीच्यापेक्षा फार तर दोन बोटं मोठी.

काढायच्या आधी आठवडाभर पाणी बंद. मग बाहेर काढून बघा, नर्सरीवाले बहुतेक कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) लावतात, त्याचा मुळांभोवती घट्ट गोळा झालेला असतो, तो टूथपिकने हळूहळू सोडवा. पांढरी, कडक मुळं ठेवायची, तपकिरी आणि ओढली की साल निघून हातात येणारी कापून टाकायची. नंतर दोन-तीन दिवस सावलीत तसंच उघडं राहू द्या म्हणजे जखमा सुकतात, ही पायरी लोक घाईत गाळतात आणि तिथेच झाड जातं. कोरड्या मातीत लावा, पाणी पाच-सहा दिवसांनी.

आणि हो, लगेच पश्चिमेच्या गॅलरीत ठेवू नका, सकाळचं कोवळं ऊन बास.