नव्या पुढाऱ्याने आधी नहेम्या वाचावा

मंडळीच्या तरुण संघाची जबाबदारी तुझ्याकडे आली आहे, तर बायबलमधल्या दावीद राजाच्या गोष्टींआधी नहेम्याचं पुस्तक वाच. तो संदेष्टाही नव्हता आणि याजकही नव्हता. पारसाच्या राजाचा प्यालेबरदार, म्हणजे राजाला द्राक्षारसाचा प्याला देणारा सेवक होता. इ. स. पू. ४४५च्या सुमारास तो यरुशलेमेचा पडलेला तट पुन्हा बांधायला तिथे आला. तीन दिवस गप्प राहिला, मग रात्री मोजकी माणसं घेऊन पडका तट स्वतः पाहून आला. कुणाला काही सांगितलं ते त्यानंतर. तूही पहिल्याच सभेत योजना मांडू नकोस. आधी हिशेबाची वही बघ, कोण येईनासं झालं आणि का, ते विचार.

तिसरा अध्याय नुसती नावांची यादी म्हणून लोक ओलांडतात. मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. सोनार, सुगंधी द्रव्यं करणारे, शल्लूमच्या मुली, सगळे तटावर राबताहेत. बऱ्याच जणांना आपापल्या घरासमोरचाच भाग दिलेला. घरासमोरची भिंत कोण कच्ची बांधेल? कामं वाटताना हे बघ. तकोवा गावच्या सरदारांनी मात्र अंग चोरलं, आणि तेही तिथे नोंदलेलं आहे! असे दोघे-चौघे तुलाही भेटतील. त्यांच्यासाठी काम थांबवू नकोस. तट ५२ दिवसांत पुरा झाला.

पाचव्या अध्यायात तो सांगतो की सुभेदार असूनही बारा वर्षं त्याने हक्काचा भत्ता घेतला नाही, कारण लोकांवर आधीच भार होता. सहलीची वर्गणी ठरवशील तेव्हा एवढं वाचून जा.