पेन्सिलने काढलेल्या बाईच्या चेहऱ्यावरून तिचा मूड आणि स्वभाव कसा ओळखायचा?

मूड बऱ्यापैकी ओळखता येतो, स्वभाव नाही, हे आधीच सांगून टाकतो.

तुम्ही लिहिलंय की चित्रातली बाई किंचित हसतेय पण डोळ्यांभोवती गडद शेडिंग आहे, मग ती उदास आहे का आणि स्वभावाने कडक असेल का. आधी हाताने तिचं तोंड झाका आणि नुसते डोळे बघा, मग तिचे डोळे झाका आणि नुसतं तोंड बघा. बरेचदा दोन्ही वेगळंच सांगतात, ओठ हसतायत पण गाल वर चढलेला नाही, खालची पापणी जागची हललेली नाही, म्हणजे ते हसू चित्रापुरतं आणलेलं. ओठांच्या कोपऱ्यात तर सगळा खेळ असतो, रेष जराशी खाली गेली की बाई रुसली, आणि तोच कोपरा धूसर ठेवला की कळतच नाही हसतेय की नाही, लिओनार्दोने मोनालिसात तेच केलंय (ते पेंटिंग आहे, पण पेन्सिलीतही जमतं). आणि हो, तासभर पोज देऊन बसलं की कोणाचाही चेहरा उतरतो, त्यामुळे अर्ध्या 'उदास' बायका नुसत्या कंटाळलेल्या असतात असं माझं मत.

स्वभावाचं म्हणाल तर जर्मन चित्रकार ड्यूररने 1514 मध्ये कोळशाने काढलेलं त्याच्या आईचं चित्र बघा. कपाळावर आठ्या, गाल बसलेले, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, ओठ घट्ट मिटलेले. कोणीही म्हणेल खाष्ट म्हातारी! पण बाई 63 वर्षांची, 18 बाळंतपणं झालेली, वर्षभर आजारी, आणि चित्रानंतर दोनेक महिन्यांत गेलीच, ती नोंदही त्याने नंतर चित्रावरच केलीय. मुलाने लिहून ठेवलंय त्यात मात्र ती देवभक्त आणि गोरगरिबांना मदत करणारी. म्हणजे आपण ज्याला कडकपणा म्हणतो ते आजारपण होतं.

तुमच्या चित्रातल्या शेडिंगचं म्हणाल तर नाकाखालची सावली बघा. तीही तेवढीच गडद असून खाली ओठांकडे उतरत असेल तर उजेड वरून आहे, डोळ्यांच्या खोबणीत सावली पडणारच, त्यात उदास वगैरे काही नाही. पण नाकाखाली फिकट आणि फक्त डोळ्यांभोवतीच पेन्सिल दाबून फिरवली असेल तर ते काढणाऱ्याने मुद्दाम केलंय, त्याला ती तशी दिसली.