मानेच्या गाठीचा सीटी स्कॅन झाला, मग सुईची तपासणी कशाला?

तुम्ही विचारलंय की वडिलांच्या मानेत दोन महिन्यांपासून गाठ आहे, डॉक्टरांनी डाय (चित्र ठळक दिसावं म्हणून शिरेतून देतात ते आयोडीनचं औषध) टोचून सीटी आणि सुईची तपासणी दोन्ही लिहून दिलंय, तर एकात भागणार नाही का. मी सोलापुरात एका सेंटरला सीटीच्या मशीनवर टेक्निशियन आहे. रिपोर्ट रेडिऑलॉजिस्ट लिहितात, पण फिल्म रोज डोळ्यांखालून जाते.

नाही भागणार. कॅन्सरच्या गाठीचा गाभा आतून मेला की डाय दिल्यावर मधोमध काळपट आणि भोवती उजळ कड दिसते. पण टीबीची गाठ, जिला आमची आजी गंडमाळ म्हणायची, तीही हुबेहूब तशीच दिसू शकते. एकाला महिनोन्‌महिने टीबीच्या गोळ्या, दुसऱ्याला ऑपरेशन नाहीतर रेडिएशन. नुसत्या चित्रावर हा निवाडा कोण करणार? तो सुईतून निघालेल्या पेशींवर होतो.

सीटी सर्जनसाठी असतो. गाठ मेंदूकडे जाणाऱ्या कॅरोटिड नाडीला नुसती टेकलीय की तिला वेढून बसलीय, जबड्याचं हाड पोखरलंय का, दुसऱ्या बाजूला आणखी गाठी आहेत का, हे त्यात दिसतं. नाडीला पाऊण वेढ्याहून जास्त विळखा असेल तर ऑपरेशन फार अवघड होतं.

आणखी एक. मानेतल्या गाठीचं मूळ पुष्कळदा तोंडात सापडतं. आपल्याकडे तंबाखू-सुपारीचा मावा किती चालतो ते सांगायला नको. टेबलावर झोपेपर्यंत गालात मावा धरलेले लोक मी पाहिलेत. गाल आणि हिरडी एकमेकांना चिकटलेली असली की मधली लहान जखम स्कॅनमध्ये लपते. म्हणून आम्ही गाल फुगवून धरायला लावतो. पेशंट लाजतात, हसतात, की चित्र हललंच! वडिलांकडून घरी दोन-चारदा करून घ्या. स्कॅन चालू असताना आवंढाही गिळायचा नाही.

डायसाठी क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी नीट चालतेय का ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट लागतो. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल किंवा पूर्वी डायने अंगावर पित्त उठलं असेल तर आधीच सांगा. डाय जाताना अंग गरम होतं, लघवी झाल्यासारखं वाटतं. ते मिनिटभरात जातं. गाठ थायरॉइडची वाटत असेल तर मात्र डायआधी डॉक्टरांना जरूर विचारा, कारण त्यातल्या आयोडीनमुळे पुढची रेडिओआयोडीनची (किरणोत्सारी आयोडीन देऊन करतात ती) ट्रीटमेंट महिना-दोन महिने लांबू शकते.

कवळी आणि गळ्यातली साखळी घरीच काढून या. सोनोग्राफी झाली असेल तर तिची फिल्मही आणा, नुसता कागद नको.