एका सेलची टॉर्च घेताना

भाऊ, पहाटे रामटेकच्या पायऱ्या चढायला एका १८६५० सेलची (हा रिचार्ज होणारा लिथियम सेल) टॉर्च पुरून उरेल. लुमेनचे, म्हणजे उजेडाचे, आकडे बाजूला ठेव, आधी सेल बघ.

- ९९०० एमएएच (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) छापलेला सेल दिसला तर सरळ परत दे. या आकारात साधारण ३५०० च मावतात.
- सेल १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब. पण आत सुरक्षा सर्किट असलेला लांबीला तीन-चार मिमी जास्त भरतो. माझ्या पहिल्या टॉर्चच्या झाकणाचे शेवटचे दोन आटे त्यामुळेच बसेनात. नळी मोजूनच सेल घे.
- वेष्टन फाटलेला सेल नकोच.

आणि मे महिन्यात उन्हातल्या गाडीत टॉर्च ठेवू नकोस. नागपुरात पारा ४५ ओलांडतो, गाडीच्या आत त्याहून जास्त.