डबा ठेवण्याआधी रेंजरला भेटा

प्रश्न : ताई, आम्ही दोन वर्षांपूर्वी सिअॅटलजवळ बॉथेलला राहायला आलो. माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला जिओकॅशिंगचं, म्हणजे जीपीएसवर बघून लपवलेले डबे शोधण्याच्या खेळाचं, वेड लागलंय. गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघांनी मिळून ६३ कॅश, म्हणजे असे डबे, शोधल्या. आता त्याला स्वतःची एक ठेवायची आहे. जवळच्या स्टेट पार्कमधलं जुन्या सीडरचं एक पोकळ खोड त्याने हेरून ठेवलंय. लोणच्याची रिकामी बरणी, त्यात वही, पेन्सिल आणि शोधायला येणाऱ्या मुलांसाठी चिक्की, असा बेत आहे. पार्क तर सगळ्यांचंच असतं, मग परवानगी लागते का? शिवाय डिसेंबरात पुण्याला जाणार आहोत. तिथे एखाद्या गडावर ठेवली तर चालेल का?

उत्तर : परवानगी लागते, आणि ती मागायला मुलालाही सोबत घेऊन जा.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २ मे २००० रोजी अमेरिकी सरकारने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी ओरेगनमध्ये डेव्ह उल्मर यांनी जंगलात एक बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. तिथून हा खेळ सुरू झाला. आकडे घेऊन जायचं, डबा शोधायचा, वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तसा परत ठेवायचा. आमच्या घरात ‘कॅश’ कुणी म्हणत नाही, ‘डबा’च म्हणतात.

आता तुमचा स्टेट पार्क. वॉशिंग्टनच्या राज्य उद्यानांत डबा ठेवायला लेखी परवाना घ्यावा लागतो आणि ठेवल्यावर दर ९० दिवसांनी मालकाने तो जाऊन बघायचा असतो. नॅशनल पार्कचा विषय सोडून द्या. तिथे २४ तासांहून जास्त वेळ वस्तू बेवारस ठेवणं हेच नियमाबाहेर आहे, त्यामुळे पार्कच्या प्रमुखांनी खास मान्यता दिल्याशिवाय डबा नाही. माउंट रेनियर नॅशनल पार्कच्या बाजूला काही करावंसं वाटलं तर ‘अर्थकॅश’ बघा. अमेरिकेच्या भूशास्त्र संस्थेच्या साथीने २००४ मध्ये हा प्रकार सुरू झाला. त्यात डबाच नसतो. तिथला खडक बघायचा आणि प्रश्नांची उत्तरं पाठवायची. शहराच्या आणि काउंटीच्या बागांचे नियम जागोजागी वेगळे आहेत, तिथे त्या त्या ऑफिसात विचारावं लागतं.

पार्क सगळ्यांचं असतं, मग विचारायचं कशाला, असं मलाही वाटायचं. माझा पहिला डबा मी शहरातल्या एका बागेत कुणालाही न विचारता ठेवला होता. जागा फार सुरेख होती. फर्नच्या दाट झुडपाआड एक पडलेला ओंडका होता, त्याखाली. दीड महिन्याने डबा काढून टाकल्याचा निरोप आला, तेव्हा मी रागारागाने बघायला गेले. ओंडक्यापाशी पोचले आणि राग गेलाच. मुख्य वाटेपासून ओंडक्यापर्यंत हातभर रुंदीची नवी पायवाट पडली होती. फर्नची पानं चिखलात दबलेली, ओंडक्यावरचं शेवाळ दोन ठिकाणी पार सोललेलं. आणि कडेला ट्रिलियमची तीन रोपं मोडून पडलेली. तीन पानांचं, तीन पाकळ्यांचं ते पांढरं फूल तुम्ही वसंतात पाहिलं असेल. बी रुजल्यापासून पहिलं फूल यायला त्याला सात-आठ वर्षं तरी लागतात. माझ्या डब्याला भेट देणारी माणसं चांगलीच होती, त्यांनी काही वेडंवाकडं केलं नव्हतं. पण एकाच जागी चाळीस माणसं ओणवी झाली की दुसरं काय होणार? ती तीन रोपं अजून डोळ्यांसमोर येतात.

पुढचा डबा मी स्टेट पार्कात, परवाना काढून ठेवला. तिथल्या रेंजरबाई, म्हणजे पार्कची देखरेख करणाऱ्या अधिकारी, स्वतः माझ्याबरोबर आल्या. मी निवडलेल्या जागेच्या वरच्या फांदीकडे बोट दाखवून म्हणाल्या, ‘इथे घुबडं राहतात.’ मी त्या झाडाखालून दहा वेळा गेले असेन, मला पत्ता नव्हता. त्यांनी वाटेला लागूनच, खडकाळ जमिनीवरची एक जागा सुचवली. तिथे कितीही पाय पडले तरी बिघडण्यासारखं काही नव्हतं. तो डबा आजही तिथे आहे.

म्हणून पोकळ खोड नकोच, मुलाला वाईट वाटलं तरी. पोकळ खोडात वटवाघळं, रकून, घुबडं, कुणाचं ना कुणाचं घर असतं, आणि येणारा प्रत्येक जण आत हात घालणार. त्याला रेंजरकडून कारण ऐकू द्या. तो ऐकेल.

बरणीही नको. काच फुटते, आणि लोणच्याचा वास कितीही घासलं तरी झाकणातून जात नाही. माझ्या एका मैत्रिणीची अशीच प्लास्टिकची बरणी कुणीतरी कुरतडून वही बाहेर ओढली होती. चिक्कीचंही तेच. खाण्याची वस्तू डब्यात ठेवायची नाही, हा खेळाचा सगळीकडचा नियम आहे. झाकणाला रबरी रिंग असलेला घट्ट डबा घ्या आणि बाहेरून ठळक अक्षरांत ‘जिओकॅश’ लिहा. बेवारस वस्तूला हात लावू नका, ही स्टेशनवरची सूचना ऐकतच आपण मोठे झालो, तेव्हा हे वेगळं सांगायला नको. २०११ साली इंग्लंडमधल्या वेदरबी गावात असाच एक डबा संशयास्पद वाटला, म्हणून बॉम्बशोधक पथकाने तो स्फोट करून उडवला होता.

जमीन खणायची नाही, झाडाला खिळा किंवा स्क्रू मारायचा नाही. दुसऱ्या डब्यापासून किमान १६१ मीटर अंतर हवं. इथे एक अडचण येते. काही डब्यांचे खरे आकडे आधी कोडं सोडवून मिळवायचे असतात. अशा कोड्याच्या कॅशचा खरा डबा नकाशावर दिसतो तिथे नसतो, त्यामुळे जागा मोकळी वाटली तरी असेलच असं नाही. म्हणून आधी नुसते आकडे रिव्ह्यूअरला, म्हणजे खेळाच्या वेबसाइटवर नवे डबे तपासून मान्य करणाऱ्याला, पाठवून जागा मोकळी आहे का विचारा, मग परवान्याचा अर्ज करा. रिव्ह्यूअर स्वयंसेवक असतात, सांभाळून घेतात.

पुण्याचं मात्र नाही म्हणेन. सुट्टीत ठेवून आलेला डबा बघणार कोण? पहिल्या पावसात वहीचा लगदा होईल. गडाची जमीन बऱ्याचदा वनखात्याची किंवा पुरातत्त्व खात्याची असते, आणि डबा बसवायला तटातला एक चिरा जरी हलवला तरी ते नुकसान भरून येत नाही. तुमचा भाऊ किंवा भाचा तिथे राहत असेल, त्याला गोडी असेल, तर त्याने त्याच्या नावाने, परवानगी काढून, गावातली एखादी जागा बघावी. तुम्ही या खेपेला तिथले असलेले डबे शोधा.

वही साधी घेऊ नका. आपल्या टॅकोमात ‘राइट इन द रेन’ नावाचा पाण्यात न विरघळणारा कागद बनतो, त्याची छोटी वही मिळते. पेन्सिलचा बेत बरोबर आहे, थंडीत पेन चालत नाही. परवाना मिळाला की मला नक्की कळवा. पहिलं पान मी मुलाच्या मित्रांसाठी सोडेन, दुसऱ्या पानावर सही करायला येईन.